रक्तातली खाज

“इंजेक्शन दिलं की थांबतं, महिन्याभरात पुन्हा सुरू होतं.” कुत्र्याच्या खाजेची तक्रार घेऊन आलेल्या मालकाच्या तोंडी हे वाक्य हमखास असते, मग तो पुण्याचा असो की चेन्नईचा. आधीच्या डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडतच तो हे सांगत असतो. खरे तर या एका वाक्यात अर्धे निदान दडलेले असते. इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचे असते. त्याने खाज पटकन थांबते आणि औषधाचा अंमल उतरला की पुन्हा डोके वर काढते. असे होणारी खाज पुष्कळदा बाहेरून लागलेली नसते. ती कुत्र्याने आईबापांकडून आणलेली असते.

चेन्नईत अशी कुत्री वेपेरीला जातात. एग्मोर स्थानकाजवळच्या या भागात १९०३ साली सुरू झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९८९ मध्ये तामिळनाडूने पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ काढले, तशा प्रकारचे ते देशातले पहिले. तेव्हापासून हे महाविद्यालय त्या विद्यापीठात आहे. मुंबईकरांच्या मनात जनावरांचा दवाखाना म्हणजे परळ, कारण बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून तिथे आहे आणि पशुवैद्यक महाविद्यालयही १८८६ साली तिथेच सुरू झाले. चेन्नईकरांच्या मनात वेपेरीला तेच स्थान आहे. विटा-खानापूरकडची जी गलाई मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त सौकारपेठेत राहतात, त्यांना तर ते अगदी हाकेच्या अंतरावर.

या प्रकरणात मुख्यतः ज्या आजाराबद्दल लिहायचे आहे त्याला अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. सोयीसाठी आपण अ‍ॅटोपी म्हणू. कुत्र्यालाही माणसासारखी अ‍ॅलर्जी होते हे एफ. डब्ल्यू. विटिक या डॉक्टरांनी १९४१ साली पहिल्यांदा नोंदवले. त्यांच्याकडच्या कुत्र्याला परागकणांचा त्रास होता. माणसाला परागकणांनी शिंका येतात, नाक वाहते. कुत्र्याचा त्रास बहुधा कातडीवर उतरतो. याचे एक कारण कातडीच्या घडणीत आहे. निरोगी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी स्निग्ध द्रव्यांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. अ‍ॅटोपी असलेल्या कुत्र्यात ही द्रव्ये कमी पडतात, आणि दगडांमधला चुना गळून गेलेल्या तटबंदीसारखी कातडीची गत होते. घरातल्या धुळीतले अतिसूक्ष्म किडे, बुरशीचे कण, परागकण सहज आत शिरतात. त्यांच्यावर तुटून पडण्याची शरीराची सवयही या कुत्र्यांत जन्मजात अतिरेकी असते.

हे आनुवंशिक आहे हे कशावरून? ब्रिटनमध्ये लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या वंशावळी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांमध्ये या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा, ०.४७ इतका वाटा, आनुवंशिकतेचा असल्याचे त्यात निघाले. उरलेला निम्मा घरातला, हवेतला, अन्नातला. मात्र एकाच जनुकावर बोट ठेवता येत नाही. जर्मन शेफर्डमध्ये सत्ताविसाव्या गुणसूत्राचा एक भाग संशयित म्हणून पुढे आला आहे, इतर जातींत दुसरेच भाग. त्यामुळे गालातून कापसाने थोडी लाळ घेतली आणि अ‍ॅटोपीचा निकाल हाती आला, असे होत नाही. लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पग, बॉक्सर, बुलडॉग, ल्हासा, शिह त्झू या सगळ्यांत ती नेहमी आढळते. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये नेमकी हीच कुत्री असतात, हा निव्वळ योगायोग नव्हे. मागणी वाढली की आहेत त्याच चार नरांकडून पिल्ले काढली जातात.

आता चेन्नईच्या हवेकडे वळू. समुद्रकाठचे शहर, वर्षातला बहुतेक काळ आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास. मुंबईकराला याचे वर्णन करून सांगायला नको. फरक एवढाच की चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. धुळीतले किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. चेन्नईत तशी वेळ त्यांच्यावर क्वचित येते. गाद्या, सोफे, पडदे, कुत्र्याची सतरंजी ही त्यांची घरे. दमट हवेत कातडीवर मॅलॅसेझिया नावाचे यीस्टही माजते. अ‍ॅटोपीच्या कुत्र्याला खुद्द त्या यीस्टचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते, मग खाज दुप्पट. लॅब्राडोरच्या लोंबत्या कानात हात घातल्यावर आंबूस, शिळकट वास आला तर तो बहुतेक वेळा याचाच असतो.

ओळखायचे कसे? पहिली खूण वयाची. आजार साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. सात वर्षे धडधाकट असलेले कुत्रे आठव्या वर्षी अचानक खाजवू लागले, तर आधी दुसरी कारणे शोधावीत. दुसरी खूण क्रमाची, आणि ती नेमकी मालकांच्या नजरेतून सुटते. अ‍ॅटोपीत आधी खाज येते, पुरळ मागाहून. पहिले काही आठवडे कातडी अगदी स्वच्छ असते आणि कुत्रे नुसते पंजे चाटत बसते. घरच्यांना वाटते, किती स्वच्छतेची आवड! पांढऱ्या किंवा पिवळसर कुत्र्याच्या पंजांवरचे केस मग लाळेने तांबूस होत जातात. हा रंग दिसला की पंजे कित्येक आठवडे चाटले गेलेत असे खुशाल समजावे.

तिसरी खूण जागेची. स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ क्लोद फाव्रो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली शेकडो कुत्र्यांवरून आठ निकष मांडले. आजार तीन वर्षांच्या आत सुरू झालेला, कुत्रे बहुतेक वेळ घरात राहणारे, स्टेरॉइडने थांबणारी खाज, सुरुवातीला पुरळाविना खाज, पुढचे पंजे बाधित, कानाच्या पाळ्या बाधित, पण पाळ्यांची कड मोकळी आणि कमरेचा वरचा भागही मोकळा. आठपैकी पाच जुळले तर अ‍ॅटोपीचा संशय बळकट होतो. शेवटचे दोन निकष मला विशेष आवडतात, कारण जिथे काही झालेले नाही तिथे ते बघायला लावतात. कानाची कड आणि कोपरे खडबडीत झाली असतील तर ती खरूज असण्याचा संभव जास्त. अशा वेळी घरातल्या माणसांनाही हातापोटावर खाज सुटली आहे का, हे विचारावे. कंबर आणि शेपटीचे मूळ कुरतडलेले असेल तर पिसवा शोधाव्यात. पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावे पुरतात, आणि अंगावर एकही पिसू दिसली नाही तरी त्या नाहीत असे समजू नये. पांढऱ्या कागदावर केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या कापसाने टिपावेत. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा.

म्हणूनच जाणकार डॉक्टर पहिल्याच भेटीत अ‍ॅटोपीचे नाव घेत नाहीत. आधी पिसवा-गोचीड पूर्ण बंद, मग जंतू आणि यीस्ट आटोक्यात, मग अन्नाची परीक्षा. एवढे झाल्यावर खाज उरली तर ती अ‍ॅटोपी. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताचा किंवा लाळेचा भरवशाचा तपास नाही. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ, किमान आठ आठवडे, हाच तपास. हा चेन्नईत दहीभातापाशी आणि आपल्याकडे दूध-पोळीपाशी मोडतो. कुत्र्यांना ज्या पदार्थांची अ‍ॅलर्जी सर्वाधिक नोंदली गेली त्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू आघाडीवर आहेत. आजीने कौतुकाने टाकलेला दहीभाताचा एक घास आठ आठवड्यांची मेहनत वाया घालवतो. आजीला हे पटवणे हा उपचारातला सर्वांत अवघड भाग आहे, असे मी गमतीने म्हणत नाही.

आता त्या इंजेक्शनाकडे परत येऊ, कारण वारसाहक्काने येणारा आणखी एक आजार त्याने भलताच बिघडतो. डेमोडेक्स नावाचे किडे जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दूध पिताना ते आईकडून पिल्लाकडे येतात आणि एरवी निमूट राहतात. काही पिल्लांची प्रतिकारशक्ती मात्र या एका शत्रूपुरती जन्मतःच दुबळी असते. त्यांच्यात किडे बेसुमार वाढतात. डोळ्यांभोवतीचे केस जाऊन चष्मा लावल्यासारखे दिसते, पुढच्या पायांवर चट्टे पडतात, मग सगळे अंग उघडे पडते. सुरुवातीला खाज फारशी नसते. लोक याला सरसकट लूत म्हणतात आणि पिल्लाला हात लावायला घाबरतात. पण हा प्रकार माणसाला लागत नाही, निरोगी मोठ्या कुत्र्यालाही नाही. अशा पिल्लाला स्टेरॉइड दिले तर होती नव्हती ती प्रतिकारशक्तीही दबते आणि आजार भडकतो. म्हणून कुठल्याही खाजेवर इंजेक्शन घेण्याआधी कातडी दाबून, ब्लेडने खोलवर खरवडून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा आग्रह धरावा. काम काही मिनिटांचे आहे. पूर्वी यावर अमिट्राझच्या पाण्याने दर आठवड्याला धुवावे लागे आणि कुत्री गुंगीत पडून राहत. २०१३-१४ नंतर आयसॉक्सॅझोलिन गटाच्या चघळायच्या गोळ्या आल्या आणि या आजाराचे चित्रच पालटले. मात्र ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला या गोळ्या देण्याआधी ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

गोल्डन रिट्रीव्हरचा आणखी एक आजार इथे नोंदवायला हवा, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त पैसे उगाच खर्च होतात. इक्थायोसिस हे त्याचे नाव. पोटापाठीवर मोठमोठ्या पांढऱ्या-राखी पापुद्र्यांचा कोंडा, बहुधा पिल्लूपणापासूनच. खाज नाही, वास नाही, कुत्रे मजेत. घरचे बुरशी समजून औषध लावतात, केस भादरतात, अ‍ॅलर्जीच्या तपासण्या करतात. २०१२ साली फ्रेंच संशोधकांच्या गटाने याचे मूळ एका जनुकातल्या दोषात शोधले आणि मग माणसांच्या काही कुटुंबांतल्या तशाच आजारामागेही त्याच जनुकातला दोष सापडला. कुत्र्याने माणसाच्या वैद्यकाला वाट दाखवल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण. हा आजार साध्या हिशोबाने उतरतो. आई आणि बाप दोघेही वरून निरोगी पण दोषाचे वाहक असतील, तर सरासरीने चारात एक पिल्लू आजारी निघते. अ‍ॅटोपीच्या बाबतीत जे जमत नाही ते इथे जमते. गालाच्या आतली पुसणी घेऊन डीएनए तपासला की वाहक ओळखता येतो. उपचार म्हणजे कोंडा सैल करणारा शांपू, कातडी ओलसर ठेवणारी द्रव्ये आणि बाकी धीर.

अ‍ॅटोपीचे निदान पक्के झाल्यावर डॉक्टर सांगतात की हे बरे होणार नाही, सांभाळावे लागेल. पुष्कळ मालक तिथून उठून दुसऱ्या दवाखान्यात जातात. माझ्या मते खरे सांगणारा डॉक्टर तोच. सांभाळण्याची सुरुवात आंघोळीपासून होते. आठवड्यातून एकदा, कोमट किंवा गार पाण्याने, क्लोरहेक्सिडीनचा शांपू लावून दहा मिनिटे तसाच ठेवायचा आणि मग धुवायचे. दहा मिनिटे म्हणजे घड्याळातली दहा, कुत्र्याच्या चुळबुळीतली नव्हे. माणसाचा साबण वापरू नये. कुत्र्याच्या कातडीची आम्लता माणसापेक्षा वेगळी आणि तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. चेन्नईत आंघोळीइतकेच महत्त्व कोरडे करण्याला आहे. बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा आणि कान ओले राहिले तर यीस्टला आयते रान मिळते. मरिनावरून फिरून आल्यावर पंजांची वाळू आणि खारे पाणी धुऊन पुसावे. अंथरूण दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुतले की धुळीतले किडे मरतात. माशाच्या तेलातली मेदाम्ले कातडीची तटबंदी थोडी सावरतात, पण गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात.

औषधांत स्टेरॉइड वाईट नाही, त्याचा आळशी वापर वाईट. भडका उडाला तर थोडे दिवस गोळी घेऊन हळूहळू कमी करणे हा शहाणा वापर. महिन्याला एक दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले की कुत्रे सतत पाणी पिते, सतत लघवी करते, अधाशासारखे खाते, पोट सुटते, कातडी कागदासारखी पातळ होते. सिक्लोस्पोरिनचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेणारा इंटरल्यूकिन-३१ हा रेणू ओळखला गेल्यावर नवी औषधे निघाली. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले ओक्लासिटिनिब हे त्यांतले पहिले. त्याने खाज एका दिवसात उतरू शकते, पण एक वर्षाखालच्या पिल्लाला ते देत नाहीत. माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळ्यांचा कुत्र्यांवरचा प्रभाव बेताचाच. मुळाशी जाणारा एकच उपाय आहे, इम्युनोथेरपी. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच अत्यल्प प्रमाणात वाढवत देत राहायचे. साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश कुत्र्यांना गुण येतो, पण वर्षभर वाट पाहावी लागते. रक्तातली किंवा कातडीवरची अ‍ॅलर्जीची तपासणी खरी उपयोगी पडते ती इथे, ही लस ठरवताना. निदानासाठी ती करून पैसे घालवू नयेत.

काय करू नये, हे सांगणेही भाग आहे. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल कुत्र्याच्या अंगाला फासण्याचा उपाय आपल्याकडेही चालतो आणि तामिळनाडूतही. कुत्रे ते चाटते, विषारी द्रव्ये पोटात जातात, कातडी भाजते. रॉकेल आणि फिनेलचेही तेच. दुसरी गोष्ट आयव्हरमेक्टिनची. खाज दिसली की हे इंजेक्शन टोचायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते. अशा कुत्र्याला मोठी मात्रा गेली तर ते लटपटते, आंधळे होते, मरूही शकते. कातडीचा आजार नसलेला वारसाही असा कातडीच्या उपचारात आडवा येतो.

हे सगळे एका कुत्र्यापुरते झाले. आजार मुळातून कमी व्हायचा असेल तर प्रश्न पैदाशीपाशी येतो, आणि त्या वादातही चेन्नई मध्यभागी आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे मुख्यालय इथेच आहे. २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे धोरण आणले. इथले हवामान मानवत नाही म्हणून पग, सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ अशा अकरा जातींची पैदास थांबवण्याचे त्यात होते. श्वानप्रेमींकडून लगेच विरोध झाला. हस्कीला चेन्नईत वाढवणे हा निर्दयपणा आहे, यात मला शंका नाही. पण कातडीच्या बाबतीत हा बाण बराचसा चुकतो. खाजेने हैराण झालेले लॅब्राडोर आणि गोल्डन त्या यादीत नाहीत, आणि असायलाही नकोत. दोष जातीला लावण्यापेक्षा कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावली, हे विचारायला हवे.

देशी कुत्रे घेतले की सगळे प्रश्न सुटतात, हाही भ्रमच. राजापालयम ही तामिळनाडूची अभिमानाची जात, २००५ साली मुधोळच्या जोडीने टपाल तिकिटावर आलेली. तिचा दुधी पांढरा रंग आणि गुलाबी नाक लोकांना फार आवडते. पण रंगद्रव्याच्या याच अभावाबरोबर पिल्लांत बहिरेपणा येतो, आणि विरळ केसांच्या पोटाला ऊन बाधते. रूपासाठी थोड्याच रक्तांत जोड्या लावत गेले की देशी-परदेशी असा भेद राहत नाही.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे पिल्लू घ्यायला जाल तेव्हा नोंदणीचा कागद मागा आणि पिल्लाच्या आईला बाहेर आणायला सांगा. जमल्यास बापालाही बघा. तिचे पंजे तांबूस आहेत का, कानाला वास येतो का, जांघा काळवंडलेल्या आहेत का, हे नीट तपासा. आईला दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असो, रिकाम्या हाताने परत या. आणि तुमच्या घरातल्याच कुत्र्याला अ‍ॅटोपी किंवा अंगभर पसरलेला डेमोडेक्स झाला असेल, तर “एकदा तरी पिल्लं होऊ द्या” हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आग्रह मोडून काढा आणि त्याची नसबंदी करून घ्या.